पेच फिरवण्यापूर्वी

यंत्र धावत असता त्याचे पुष्कळसे दोष झाकून जातात. ते जागच्या जागी उभे राहिले म्हणजे उघडे पडतात. जुन्या मोटारसायकलीविषयी तर हे विधान अक्षरशः खरे आहे. मोकळ्या रस्त्यावर डौलाने धावणारी गाडी पलासियाच्या किंवा रीगलच्या चौकात तांबडा दिवा पाहून थांबते, स्वार मूठ सोडतो, आणि इंजिन दोन आचके देऊन गप्प होते. मागून भोंगे वाजू लागतात. स्वार घाईघाईने किक मारतो आणि दिवा हिरवा होईपर्यंत मूठ पिळीत, गाडीला रेस देत उभा राहतो. अशा गाडीला मिस्त्री लोक ‘स्लो पकडत नाही’ असे म्हणतात. मूठ मोकळी असता, कोणताही भार नसता, इंजिनाने आपल्या आपण मंद गतीने चालत राहणे यालाच ते स्लो अथवा आयडलिंग म्हणतात.

या साध्या दुखण्यावर एक साधा उपाय सर्वांनाच ठाऊक असतो. कार्ब्युरेटरच्या बाजूला एक पेच असतो. तो थोडा आत फिरवला की इंजिनाची गती वाढते आणि गाडी बंद पडेनाशी होते. काम दोन मिनिटांचे आणि खर्च शून्य. परंतु आमचे स्पष्ट मत असे आहे, की हा उपाय नसून दुखण्यावर घातलेले पांघरूण आहे. पेच हे शेवटचे साधन होय; त्याच्या आधी कारणाचा शोध झाला पाहिजे. आणि हा शोध कसा करावा हे शिकण्यासाठी जुन्या मोटारसायकलीइतका स्वस्त व प्रामाणिक शिक्षक मिळणे कठीण. म्हणूनच शाळेच्या वार्षिकांकात या विषयाला स्थान असावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम कार्ब्युरेटर म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे बारीक तुषार करून ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागतात. शुद्ध पेट्रोल पुरतेपणी जळण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करणारे पात्र म्हणजे कार्ब्युरेटर. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढली जाते. ती कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल पितळी जेटमधून वर चढते व हवेत फवारले जाते. स्विस गणितज्ञ डॅनियल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्या तत्त्वाचा पाया घातला, आणि ज्याची व्याख्या आमचे विद्यार्थी परीक्षेत अचूक लिहितात, ते तत्त्व येथे मूठभर धातूच्या तुकड्यात रात्रंदिवस राबत असते.

आता खरी मेख पुढेच आहे. मूठ सोडली म्हणजे गळ्यातील सरकती झडप, जिला मिस्त्री स्लाइड म्हणतात, जवळजवळ पूर्ण खाली येते. मुख्य जेटवरून जाणारी हवा इतकी थोडी उरते, की तिच्याने पेट्रोल वर ओढले जात नाही. मग इंजिन चालते कशावर? त्यासाठी एक निराळी, चिमुकली वाट ठेवलेली असते. झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला ओढ प्रबळ असते. तेथे एक सूक्ष्म छिद्र असते, आणि त्याला पेट्रोल पुरवणारा पायलट जेट असतो. या जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. गाडी उभी असताना तिचा सारा जीव या भोकातून जाणाऱ्या थेंबांवर अवलंबून असतो. गाडी धावते तेव्हा मुख्य जेट कामास लागतो आणि पायलट जेटचा दोष लपतो. गाडी थांबली की तो लगेच चव्हाट्यावर येतो. धावताना उत्तम आणि थांबताना आजारी, हे कोडे येथे उलगडते.

आता त्या दोन मिनिटांच्या उपायाचा विचार करू. गती ठरवणारा पेच आत फिरवला म्हणजे झडप किंचित वर उचलली जाते आणि अधिक हवा व पेट्रोल आत शिरते. पायलट जेटमधील कचरा तसाच राहतो, सांध्यातील गळती तशीच राहते, प्लगची काजळी तशीच राहते. इंजिन मात्र उगाच तडफडत राहते. प्रत्येक चौकात जास्त पेट्रोल जळते, इंजिन तापते, पहिला गियर टाकताना दणका बसतो, आणि उतारावर मूठ सोडली तरी गाडी हवी तशी आवरत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही चिकित्सा होय.

खऱ्या चिकित्सेत क्रम असतो, आणि क्रमातच तिचे शास्त्र आहे. आधी जे फुकट पाहता येते ते पाहावे. पेट्रोलचा कॉक नीट वाहतो काय? टाकीच्या झाकणातील वायुछिद्र बंद तर नाही? चोक पूर्ण सुटला आहे काय? मुठीच्या तारेला थोडी ढील आहे काय, की हँडल वळवताच तार ताणली जाऊन गती आपोआप वाढते? हवेची जाळी धुळीने भरली आहे काय? या प्रश्नांना हत्यार लागत नाही, डोळे लागतात.

त्यानंतर ठिणगीकडे वळावे. प्लग काढून पाहिला असता तो आपली हकीकत स्वतःच सांगतो. काळी, कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. टोक पांढुरके पडले असेल तर पेट्रोल कमी पडत आहे. फिकट तपकिरी रंग हे आरोग्याचे लक्षण. जुन्या गाड्यांत ठिणगी पाडण्यासाठी संपर्कबिंदू, म्हणजे पॉइंट, असतात. ते जळले असतील किंवा त्यांतील अंतर बिघडले असेल तर मंद गतीवर ठिणगी चुकते आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर येतो. झडपांच्या टॅपेटमधील अंतराचेही तसेच आहे. जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या बुलेटमध्ये इंजिन थंड असता टॅपेटच्या काठ्या बोटांनी सहज फिरल्या पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत, असा नियम आहे. तो न पाळता कार्ब्युरेटरचे पेच फिरवीत बसणे म्हणजे पाया खचला असता कळसाला रंग देणे होय.

तिसरी पायरी गळतीची. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातील गॅस्केट किंवा रबर काळाने कडक होते, चिरते. त्या फटीतून चोरटी हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ करते. अशा गाडीची गती एकदा वाढली की लवकर उतरत नाही, खालीवर होत राहते, आणि मूठ सोडताच सायलेन्सरमधून फटफट असे बार ऐकू येतात. सांध्यावर पाण्याचा हलका फवारा मारून पाहावा. इंजिनाचा सूर बदलला तर चोर तेथेच आहे. या कामी पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नये; तापलेल्या इंजिनाशी तो खेळ जिवावर बेतेल.

मग कार्ब्युरेटर उघडावा. वाटीच्या तळाशी गाळ, पाणी, गंज आढळेल. पायलट जेट काढून उजेडासमोर धरावा. भोकातून उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. नसेल तर तो साफ करण्याच्या द्रवात भिजवावा आणि हवेच्या दाबाने फुंकावा. तार किंवा सुई घालून भोक मोकळे करण्याचा मोह पुष्कळांना होतो. पितळ मऊ असते. भोक तसूभर नव्हे, केसभर मोठे झाले तरी जेट निकामी होतो. तरंगणाऱ्या फ्लोटची उंची आणि त्याची सुई हेही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण वाटीतील पेट्रोलची पातळी चुकली तर वरचे सारे हिशेब चुकतात. शेवटी झडप हलवून पाहावी. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ती व तिची खोबण झिजली असेल, तर बाजूने हवा शिरणारच. झीज कोणत्याही पेचाने भरून निघत नाही. तेथे नवा कार्ब्युरेटर हाच उपाय, हे निमूटपणे मान्य करावे.

एवढे झाल्यावरच पेचाला हात लावावा. गाडी पाचसहा किलोमीटर चालवून इंजिन चांगले तापू द्यावे. बुलेटवर पुष्कळ वर्षे बसवल्या गेलेल्या मिकुनी धर्तीच्या कार्ब्युरेटरात दोन पेच असतात. एक गतीचा, दुसरा हवेचा. हवेचा पेच हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा, आवळू नये, आणि तेथून दीड फेरा बाहेर काढावा. गती जरा चढी ठेवावी. मग हवेचा पेच एका वेळी पाव फेरा फिरवून थांबावे, इंजिनाला दहापंधरा सेकंद द्यावीत आणि कान देऊन ऐकावे. ज्या जागी सूर सर्वांत उंच व स्थिर लागतो ती त्या पेचाची योग्य जागा. आता गतीचा पेच मागे घेऊन गती खाली आणावी, आणि पुन्हा एकदा हवेचा पेच पारखावा. येथे एक सावधगिरी हवी. हवेचा पेच बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. पण काही कार्ब्युरेटरांत हा पेच इंजिनाच्या बाजूला असतो व पेट्रोलाचे नियमन करतो, आणि तेथे तोच फेरा मिश्रण दाट करतो. यास्तव कोणता पेच कोणाचा, हे आधी ओळखावे.

एका कार्ब्युरेटरची ही कथा. दोन असतील तर कसोटी दुप्पट नव्हे, चौपट होते. यामाहाच्या सहकार्याने १९८३ पासून काही वर्षे भारतात निघालेली राजदूत ३५० ही दोन सिलिंडरांची गाडी होती आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर होता. एका जुवाला जोडलेल्या दोन बैलांपैकी एक पुढे ओढू लागला आणि दुसरा रेंगाळला तर गाडीची जी दशा होते, तीच येथे होते. दोन्ही झडपा एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत आणि दोन्ही सायलेन्सरांतून सारखाच फुंकार आला पाहिजे. आधी प्रत्येकाला स्वतंत्रपणे निरोगी करायचे, नंतर दोघांचा मेळ घालायचा. संसारातही एकोप्याचा क्रम याहून निराळा नसतो.

आपल्या इंदूरपुरता एक विशेष विचार येथे सांगितला पाहिजे. माळव्याचे पठार उंचावर आहे; इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. येथील हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे सहा टक्क्यांनी कमी. हवा विरळ म्हणजे तेवढ्याच पेट्रोलाला हवा कमी, म्हणजे मिश्रण दाट. मुंबईत बेतशीर लावलेली गाडी येथे किंचित जड चालते, ती यामुळे. हीच गाडी घाट उतरून नर्मदाकाठी बडवाह-ओंकारेश्वराकडे गेली की हिशेब पुन्हा बदलतो. मे महिन्यातील चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा आणि पौषातील गारठा यांचाही थोडा परिणाम होतो. परंतु हे फरक पाव फेऱ्याच्या आतले असतात; ऋतूच्या नावाखाली दोन-दोन फेरे फिरवणे ही ऋतूवर अकारण ठेवलेली तोहमत होय.

ऋतूपेक्षा मोठा बदल पेट्रोलात घडला आहे. त्यात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली देशाने २० टक्क्यांची मजल गाठली. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटातून आलेले मिश्रण पातळ ठरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या गाड्यांतील कित्येक रबरी भाग त्यासाठी घडवलेलेच नव्हते. महिनोन्‌महिने अंगणात उभी राहिलेली गाडी एके दिवशी सुरू होते, पण स्लो पकडत नाही, याचे कारण बहुधा वाटीत सुकलेले पेट्रोल व शिरलेले पाणी हेच असते. फार दिवस गाडी चालवायची नसेल तर वाटी रिकामी करून ठेवावी, एवढी एक सवय पुष्कळ मनस्ताप वाचवील.

कोणी म्हणेल, माझी गाडी, माझे पेट्रोल. इतरांना काय त्याचे? त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की धूर कोणा एकाच्या मालकीचा राहत नाही. प्रदूषण नियंत्रणाचा दाखला देताना दुचाकीची तपासणी याच मंद गतीवर होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १ एप्रिल २००० पूर्वीच्या दुचाकींसाठी धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, आणि त्यानंतरच्या पिढीतील गाड्यांसाठी ३.५ टक्के. मिश्रण दाट असेल तर हा विषारी वायू वाढतो. फार पातळ झाल्याने ठिणगी वाया गेली तर न जळलेले पेट्रोल बाहेर पडते. दोन्ही टोकांना दोष आहे. निर्दोष असा मधला पट्टा अरुंद आहे. २०१७ पासून सतत काही वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आणि २०२३ च्या हवेच्या सर्वेक्षणात मोठ्या शहरांत प्रथम म्हणून इंदूरचा गौरव झाला. ओला कचरा व सुका कचरा वेगळा करण्यास शिकलेल्या नगराने चौकात उभ्या गाडीच्या धुराकडेही त्याच दक्षतेने पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. दाखला मिळवण्यापुरता पेच फिरवून घेणे आणि दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत करणे, हे तर घर झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटण्यासारखे आहे.

येथे कोणी मिस्त्रींना दोष देईल. आम्ही देणार नाही. कानाने इंजिनाची नाडी ओळखणारे कारागीर आजही या शहरात आहेत. परंतु गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे राहून घड्याळ पाहत असते. जेट साफ करण्याची मजुरी द्यायला ते कुरकुरते, आणि पेच फिरवून गाडी लगेच चालती केली की खूष होते. जेथे घाईला दाम मिळतो आणि शोधाला मिळत नाही, तेथे शोध करील कोण? तासभर खपून खरे कारण काढणाऱ्या माणसाला त्या तासाचा मोबदला आदराने दिला पाहिजे. डॉक्टरच्या निदानाची फी देताना आपण औषध किती दिले हे मोजत नाही. मग यंत्राच्या निदानाचीच किंमत शून्य का?

सर्वांत प्रबळ आक्षेप निराळाच आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम देशभर लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी विद्युत्‌नियंत्रित इंधनफवारणी आली. जी विद्या अस्तास जात आहे ती मुलांना कशास शिकवावी? नवी पद्धत अधिक स्वच्छ व काटेकोर आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. तिच्याविरुद्ध हळहळ करण्याचे कारण नाही. पण तिचे सारे कार्य बंद डबीत चालते. तेथे काय घडते ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. कार्ब्युरेटर मात्र उघडा ग्रंथ आहे. १९५५ साली मद्रासेत स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या बुलेट, म्हैसूरला १९६१ पासून बनू लागलेल्या जावा व पुढे त्यांनीच धारण केलेले येझदी हे नाव, यांतील कित्येक गाड्या अजून घरोघरी आजोबांची आठवण म्हणून जपल्या आहेत. आणि इंदूरला तर या विद्येचे शेजारही लाभले आहे. जवळच्या पिथमपुरात पुण्याच्या कायनेटिकने होंडाशी १९८४ साली भागीदारी करून स्कूटरी घडवल्या. त्याच परिसरात २०२१ साली वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग खुला झाला.

असे असूनही आमच्या मराठी घरांतून हात काळे करण्याच्या कामाविषयी एक सूक्ष्म अढी दिसते. होळकर दरबारच्या कचेऱ्यांतून व शाळांतून लेखणीच्या बळावर ज्यांनी येथे पाय रोवले, त्यांच्या वंशजांना लेखणीचे प्रेम असावे हे स्वाभाविक आहे. पण लेखणीने पान्याला कमी लेखण्याचे दिवस केव्हाच सरले. बर्नुलीचे तत्त्व पाठ म्हणणारा विद्यार्थी कार्ब्युरेटरसमोर गोंधळतो, आणि कार्ब्युरेटर कोळून प्यालेला कारागीर त्या तत्त्वाचे नाव जाणत नाही. या दोघांची गाठ शाळेने घालून द्यावी.

यासाठी आमची सूचना अगदी थोड्या खर्चाची आहे. शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक जुना कार्ब्युरेटर असावा. भंगारात तो अल्प किमतीत मिळतो. विद्यार्थ्यांनी तो उघडावा, त्याच्या वाटा फुंकून पाहाव्यात, आकृती काढावी आणि पुन्हा जोडावा. वर्षातून एकदा शहरातील एखाद्या अनुभवी मिस्त्रीला पाहुणा म्हणून सन्मानाने बोलवावे व चालू इंजिनावर प्रात्यक्षिक करवून घ्यावे. ते उघड्या मैदानातच झाले पाहिजे; बंद खोलीत इंजिन चालवणे प्राणघातक आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. मोटारसायकल चालवण्याचा परवाना अठरा वर्षांनंतर मिळतो. पण ती समजून घेण्याला वयाची अट नाही. अठराव्या वर्षी गाडी हाती घेणाऱ्याला ती आधीपासून ठाऊक असेल, तर तो तिच्याशी आणि रस्त्यावरच्या इतरांशीही अधिक जबाबदारीने वागेल.

विद्यार्थिमित्रांनो, या प्रयोगातून तुमच्या हाती जे लागेल ते मोटारसायकलीपुरते राहणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलल्यावर थांबून परिणाम पाहावा. पाहिलेले वहीत टिपून ठेवावे. आधी स्वस्त कारणे तपासावीत आणि मगच महागड्या कारणांकडे वळावे. दोन पेच एकदम फिरवणाऱ्याला सुधारणा झाली तरी ती कशाने झाली हे कळत नाही, आणि बिघाड झाला तर परतीची वाट सापडत नाही. गणिताचे उत्तर चुकले, शेतातील पीक पिवळे पडले, घरातील हिशेब जुळेना, तरी हीच रीत कामास येते. गाडी थांबल्यावरही तिचे इंजिन शांतपणे, एकसुरात चालत राहावे, एवढेच त्या लहानशा पेचाचे काम आहे. ते त्याला नीट करता यावे म्हणून आधीची सगळी मेहनत करायची असते, आणि ती टाळणाऱ्याने पेचाला हातही लावू नये.